व्याख्या तोंडपाठ, पण गोष्ट दिसत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आम्ही घणसोलीला राहतो. मुलगी नववीत, सेमी इंग्रजी. अलंकारांच्या व्याख्या घडाघडा म्हणते, कथेचे घटकही सगळे सांगते. पण नवा उतारा किंवा कविता पुढे ठेवून 'यात भाषेची काय गंमत आहे?' असं विचारलं की गप्प बसते. मी स्वतः केमिस्ट्रीवाली, मला हे शिकवता येत नाही. कोणत्या क्रमाने शिकवू? एखादा तक्ता मिळेल का? सहामाहीला पाच आठवडे आहेत."

ताई, तुम्हाला तक्ता हवाय आणि तो मी लगेच देणार नाही. का, ते आधी सांगते.

मी ठाण्यात एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. आता निवृत्त आहे आणि दर शनिवारी ऐरोलीला दहा-बारा मुलांना घेऊन बसते. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत माझी सगळी भिस्त तक्त्यावर होती. फळ्याच्या डावीकडे 'सारखा, जसा, परी, सम, प्रमाणे' म्हणजे उपमा. उजवीकडे 'जणू, गमे, वाटे, भासे, की' म्हणजे उत्प्रेक्षा. मुलं खूश, पालक खूश, मार्क पैकीच्या पैकी. मग एका चाचणीत मला खोडी सुचली. मी दोन साधी वाक्यं घातली: 'मला वाटते, आज पाऊस येईल' आणि 'दादाप्रमाणे मीही वाशीला शिकतो'. अलंकार ओळखा, नसल्यास 'नाही' लिहा. निम्म्या वर्गाने पहिल्यात उत्प्रेक्षा शोधली आणि दुसऱ्यात उपमा. एकाने तर उपमेय (ज्याची तुलना करायची ते) 'मी', उपमान (ज्याच्याशी करायची ते) 'दादा', साधारण धर्म (दोघांतलं सारखेपण) 'वाशी' असं टापटिपीने मांडून दिलं होतं. तपासताना आधी हसू आलं, मग लाज वाटली. त्याने काहीच चुकीचं केलं नव्हतं. मी शिकवलं तेच त्याने केलं होतं.

तुमच्या विषयात सांगायचं तर, प्रॅक्टिकलला अनोळखी सॉल्ट दिलं जातं तेव्हा आपण नावापासून सुरुवात करत नाही. रंग बघतो, वास बघतो, ज्योतीत धरतो, द्रावणात काय साका बसतो ते बघतो आणि नाव सगळ्यात शेवटी लिहितो. 'जणू' हा शब्द दिसणं ही फार तर प्राथमिक चाचणी झाली. माझ्या वर्गाने तिथेच नाव लिहून टाकलं होतं, कन्फर्मेटरी टेस्ट कोणी केलीच नव्हती, कारण ती कशी करतात हे मी सांगितलं नव्हतं. तुमच्या मुलीचंही बहुधा हेच झालंय. तिच्याकडे बाटल्यांवरची लेबलं सगळी आहेत, पण तिने अजून एकही बाटली उघडून हुंगलेली नाही. त्यामुळे कोणत्या क्रमाने शिकवायचं हा प्रश्न थोडा बाजूला ठेवू. एखाद्या वाक्याने आपल्याला काहीतरी केलं हे तिच्या लक्षात कसं यायचं, तिथून सुरू करू.

काही गोष्टी मुलीवर अवलंबून आहेत, त्या तुम्हीच ताडून बघा. ती गोष्टी वाचते का, कोणत्याही भाषेत? इंग्रजी कादंबऱ्या फडशा पाडल्यासारख्या वाचणारी मुलगी असेल तर तिला हे सगळं आतून ठाऊक आहे, फक्त मराठी नावांशी जोडून द्यायचं आहे, आणि ते काम दोन आठवड्यांत होतं. अजिबात वाचत नसेल तर आधी कानाने सुरुवात करा, तुम्ही वाचून दाखवा, पाच आठवडे अपुरे पडतील हे मनाशी धरून. आणि तिसरी शक्यता: तिला कळतंय, पण चुकेल म्हणून बोलत नाही. गप्प बसणाऱ्या मुलांत ही संख्या माझ्या अनुभवात सर्वांत मोठी. त्यांना प्रश्न विचारण्याची पद्धत बदलली की पुरतं.

मी दरवर्षी पहिल्या शनिवारी पुस्तक उघडत नाही. चिऊ-काऊची गोष्ट घेते. आठवी-नववीची मुलं नाक मुरडतात, 'बाई, आम्ही काय बालवाडीत आहोत का?' मुरडू देत. गोष्ट सगळ्यांना येते हाच तिचा फायदा. 'पुढे काय होतं' या काळजीतून मन मोकळं असतं, म्हणून 'हे असं का सांगितलं' याकडे लक्ष जातं.

काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं. पहिलं वाक्य. मी विचारते, पाऊस अजून आलेला नाही, मग घरं कशाची आहेत हे आत्ताच का सांगायचं? असंही सांगता आलं असतं की एकदा मोठा पाऊस आला आणि काऊचं घर वाहून गेलं, कारण ते शेणाचं होतं. मुलं दोन्ही मोठ्याने म्हणून बघतात. दुसऱ्यात ती बातमी होते. पहिल्यात आपल्या हातात काहीतरी आधीच ठेवलेलं असतं आणि पाऊस आल्याबरोबर आपणच मनात म्हणतो, 'अरे, गेलं शेणाचं घर!' ऐकणाऱ्याला क्षणभर सांगणाऱ्याच्या पुढे जाऊ देणं, हे कथेतलं फार जुनं कसब आहे. पूर्वसूचना म्हणा, बीज पेरणं म्हणा. नाव मी तेव्हा सांगतच नाही. एका वर्षी एक मुलगी म्हणाली, 'बाई, पण मग उन्हाळ्यात मेणाचं घर वितळेल की!' पेरलेल्या बीजातून दुसरी गोष्ट उगवते हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

मग मी पाऊस काढून टाकायला सांगते. पाऊस नसेल तर? गोष्टच उरत नाही. आता याशेजारी परीक्षेतल्या कथालेखनाची लाडकी सुरुवात ठेवा: 'सायंकाळची वेळ होती. पक्षी घरट्याकडे परतत होते. मंद वारा सुटला होता.' हे काढा. काय बिघडलं? काहीच नाही. वातावरण हा कथेचा घटक आहे असं पाठ करणारी मुलं तो घटक भाताच्या मुदीवर कोथिंबीर घालावी तसा घालतात. चिऊ-काऊतला पाऊस हेच वातावरण आहे, तोच संकट आहे आणि तोच काऊला चिऊच्या दाराशी आणून उभा करतो. म्हणजे कथानकाचं निम्मं ओझं वातावरणच वाहतंय. 'काढून बघा' ही माझी पहिली चाचणी. शब्द, वाक्य, प्रसंग, काहीही काढा आणि उरलेलं पुन्हा वाचा.

खरी मजा दारात आहे. 'चिऊताई, चिऊताई, दार उघड.' 'थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालू दे.' पुन्हा, 'थांब, माझ्या बाळाला अंगडं घालू दे.' पुन्हा, 'थांब, माझ्या बाळाला तीट लावू दे.' घराघरात यात भर पडते, कुणाकडे पावडर लावतात, कुणाकडे पाळण्यात झोपवतात. मी एकच प्रश्न विचारते: चिऊबद्दल तुमचं मत कितव्या 'थांब'ला बदललं? आणि वर्ग पेटतो. पहिल्या 'थांब'ला कोणाचीच तक्रार नसते. लेकुरवाळी आहे, कामात आहे. दुसऱ्याला एक-दोघं चुळबुळतात. तिसऱ्याला कोणीतरी म्हणतंच, 'बाई, तिला उघडायचंच नाहीये.' लगेच दुसरा, 'मग काय, तो पूर्वी चोरटा असेल!' तिसरी, 'बाळ असलं की आई घाबरतेच.' मी तेव्हा गप्प असते.

या पाच मिनिटांत काय काय झालं बघा. गोष्टीत चिऊला कुठेही 'सावध', 'निर्दय', 'काळजीवाहू' असं विशेषण लावलेलं नाही. ती काय करते आणि काय बोलते एवढंच आहे, आणि तेवढ्यावरून मुलं तिच्या स्वभावावर भांडतायत. पात्रचित्रण ते हेच. 'मी तुला घरात घेणार नाही' असं चिऊ एकदाही म्हणत नाही, तरी ते सगळ्यांना ऐकू येतं. संवादाचं काम हेच. तेच वाक्य पुन्हा पुन्हा येतं, पण दर वेळी जड होत जातं, कारण बाहेर पाऊस चालू आहे. पुनरावृत्तीचा उपयोग तो हाच. आणि दोघांच्या गरजा एका दारावर आमनेसामने आल्यात, हा संघर्ष. त्यासाठी तलवारी लागत नाहीत. ज्या घटकांची यादी तुमच्या मुलीला पाठ आहे ते सगळे एका दारात उभे आहेत. त्यांना वेगवेगळ्या खोल्यांत कोंडून शिकवलं की मग पेपरात 'कथानक चांगले आहे, पात्रे चांगली आहेत, संवाद चटपटीत आहेत' असली उत्तरं येतात.

एक घटक मात्र मुद्दाम वेगळा काढून शिकवावा लागतो, तो म्हणजे दृष्टिकोन, गोष्ट कोण सांगतंय आणि कुठे उभं राहून. आपण चिऊ-काऊची गोष्ट नेहमी घराच्या आतून ऐकतो. न्हाणं, अंगडं, तीट सगळं आपल्याला दिसतं. काऊ म्हणजे दाराबाहेरचा नुसता आवाज. मी मुलांना सांगते, आता बाहेर जा. पावसात उभे राहा. काऊला काय दिसतं, काय ऐकू येतं तेवढंच लिहा. आतलं लिहायचं नाही, कारण ते त्याला माहीत नाही. बहुतेक मुलं 'मी खूप दुःखी झालो, मला रडू कोसळलं' असं लिहितात. सातवीतल्या एका मुलाने मात्र दोन ओळी लिहून वही बंद केली: 'आतून पाण्याचा आवाज येत होता. बाहेर पण पाण्याचाच आवाज होता.'

मी ती वही बराच वेळ हातात धरून बसले. आत बाळाचं न्हाणं, बाहेर पाऊस. एकच पाणी, मधे एक दार. यात उपमा नाही, रूपक नाही, एकही विशेषण नाही. दुःख हा शब्द नाही. परीक्षेत हे 'अलंकार ओळखा'मध्ये घालता येणार नाही. पण साहित्य म्हणून आपण ज्याला ओळखतो ते त्या दोन ओळींत आहे, आणि ते त्याला कुठे उभं राहायचं हे कळल्यामुळे मिळालं.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: ओळखीची गोष्ट घ्या, एखादा भाग काढून बघा, आणि सांगणाऱ्याला जागेवरून हलवून बघा. नावं नंतर.

आता अलंकार. इथे मी एकच चित्र घेते आणि ते सगळ्या अलंकारांतून फिरवते. वह्यांत नेहमी मुख आणि चंद्र असतात. आजच्या मुलीला तुमचं मुख चंद्रासारखं आहे म्हटलं तर ती फेसवॉश बदलेल. आमच्याकडे खाडी आहे. हिवाळ्यापासून मेपर्यंत ओहोटीच्या वेळी ठाणे खाडीच्या चिखलावर रोहित पक्षी उतरतात, फ्लेमिंगो. मुलांनी ते पाहिलेले असतात, निदान वाशीच्या पुलावरून गाडी जाताना. लांबून ते कसे दिसतात विचारलं तर एकजण म्हणाला, 'गुलाल सांडल्यासारखे.' बस, तेवढं पुरलं.

'चिखलावरचा थवा गुलालासारखा दिसतो.' थवा आणि गुलाल दोन वेगळ्या वस्तू आहेत हे बोलणाऱ्याला नीट ठाऊक आहे, फक्त साम्य दाखवतोय. उपमा. 'थवा म्हणजे जणू चिखलावर उधळलेला गुलालच.' इथे त्याची कल्पना थोडी सुटलीय, थवा हा गुलालच असावा असं त्याला वाटू लागलंय. उत्प्रेक्षा. 'थव्याचा गुलाल भरतीपुढे सरकत काठाशी आला.' आता दोन वस्तू राहिल्याच नाहीत. रूपक. 'थवा कसला, गुलाल आहे हा!' समोर असलेलंच नाकारलं. अपन्हुती. 'थवा म्हणावा की गुलाल?' मन ठरत नाही, ससंदेह. आणि एखादं लहान पोर 'इथून मिरवणूक गेली वाटतं' म्हणत हाताला गुलाल लावायला चिखलाकडे निघालंच, तर भ्रांतिमान; त्याला ससंदेहासारखी शंका नाही, त्याची खात्रीच झालेली आहे. शेवटी, 'गुलाल एका धुण्यात जातो, हा रोजच्या भरतीने धुऊनही जात नाही.' उपमेय उपमानावर कुरघोडी करतं, व्यतिरेक.

सात वेगवेगळ्या व्याख्या पाठ करण्यापेक्षा हे सोपं जातं, कारण मुलांना एकच गोष्ट बघायची असते: बोलणारा थव्यापासून किती दूर आणि गुलालाच्या किती जवळ पोचलाय. आणि मग 'जणू'चा सापळाही सुटतो. 'मला वाटते, पाऊस येईल' यात दुसरी वस्तूच नाही. पाऊस कशाजवळ जाणार? 'दादाप्रमाणे मीही वाशीला शिकतो' यात मी दादासारखा दिसत नाही, वागत नाही, फक्त त्याच गाडीत बसतो. झाली तुमची कन्फर्मेटरी टेस्ट. नववीला नेमके कोणते अलंकार नेमलेत ते तिच्या पाठ्यपुस्तकात बघून घ्या, सगळे एका वर्षी नसतात.

इथे दुसरी चाचणी येते, 'बदलून बघा'. गुलालाऐवजी चादर घाला: चिखलावर अंथरलेली गुलाबी चादर. रंग तोच, पण ढोल-ताशा गेला. आता खाडी झोपलेली वाटते. आता गुलाबी डाग घाला. लगेच कोणीतरी काहीतरी सांडलंय, बिघडवलंय असं वाटतं. म्हणजे उपमान नुसता रंग घेऊन येत नाही, आपलं सगळं गणगोत घेऊन येतं. साधारण धर्म गुलाबीपणा एवढाच लिहिला तर दोन मार्क मिळतील, पण त्या गणगोताबद्दल एक वाक्य लिहिता आलं तर समजा तिला कविता वाचता येऊ लागली.

आणि एक प्रश्न मी कधीच सोडत नाही: हे कोण म्हणतंय? 'थवा कसला, गुलाल आहे हा!' हे उड्या मारणारं पोर म्हणेल. 'थवा म्हणावा की गुलाल?' हे काठावर संध्याकाळी एकटी बसलेली, नजर थोडी अधू झालेली आजी म्हणेल. अलंकार पात्राच्या तोंडी बसला पाहिजे. तुमच्याच घणसोलीच्या गावठाणातली एक आगरी मुलगी माझ्याकडे यायची. कधी तोंड उघडायची नाही, 'आमची भाषा शुद्ध नाही बाई' म्हणायची. तिची आजी लग्नांत धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, म्हणणारी, धवलारीण. एकदा नातवाच्या लहरी स्वभावाबद्दल आजी काय म्हणते ते तिने सांगितलं: पोरगं म्हणजे भरती-ओहोटी, सकाळी एक, दुपारी एक. मूळ बोलीत ते याहून झणझणीत होतं, मी माझ्या पुस्तकी मराठीत लिहितेय. सगळा वर्ग तिच्याकडे बघायला लागला. खाडीकाठी आयुष्य काढलेल्या बाईलाच ते रूपक सुचणार. माझ्यासारख्या ठाणे शहरातल्या, नौपाड्यातल्या बाईला सुचलं असतं तर ते उसनं वाटलं असतं. तुमच्या घरात, शेजारात अशी आजी असेल तर मुलीला आठवडाभर तिच्याजवळ वही घेऊन बसवा. म्हणी, शिव्या, लाडाची बोलणी, सगळं उतरवू दे. (शिव्या पेपरात लिहू नये एवढं सांगा.)

शब्दशक्तीबद्दल, म्हणजे शब्दातून अर्थ कसा निघतो त्याबद्दल थोडं, कारण पालक तिथे घाबरतात. घाबरण्यासारखं काही नाही, ठाणे स्टेशनवर रोज चालू असते. गाडीत कोणी म्हणतं, 'उठा, ठाणे आलं.' ठाणे जागचं हललेलं नसतं, आलोय आपण. शब्दाचा सरळ अर्थ लागत नाही म्हणून आपण जवळचा दुसरा घेतो. लक्षणा. आता सकाळी घरात बाबा घड्याळ बघून म्हणतात, 'आठ बावन्न गेली.' सरळ अर्थ एवढाच की ८.५२ ची लोकल सुटली. ती अभिधा. पण डबा भरणाऱ्या आईला ऐकू येतं 'तुझ्यामुळे उशीर झाला', मुलाला ऐकू येतं 'आज स्टेशनपर्यंत सोडणार नाहीत', आणि स्वतः बाबांच्या मनात लेट मार्क. सरळ अर्थ शाबूत आहे आणि त्याच्या पाठीमागून दुसरे तीन अर्थ निघाले. व्यंजना. चिऊचं 'थांब' आठवतंय ना? तेच हे.

परीक्षेच्या उत्तराबद्दल मी थोडी कडक आहे. कवितेच्या रसग्रहणात आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये असे मुद्दे अपेक्षित असतात, आणि क्लासवाले प्रत्येकासाठी तयार वाक्यं देतात. 'कवीने साध्या, सोप्या शब्दांत मोठा आशय मांडला आहे.' हे वाक्य जगातल्या कुठल्याही कवितेला चिकटतं, म्हणून ते कुठल्याच कवितेबद्दल नाही. मी मुलांना सांगते, लिहिलेलं वाक्य उचलून दुसऱ्या कवितेखाली ठेवा. तिथेही बसलं तर खोडा. त्याजागी कवितेतला एक शब्द अवतरणात घ्या, तो काढला किंवा बदलला तर काय हरवतं ते लिहा, आणि मग अलंकाराचं नाव. 'गुलाल या शब्दामुळे थव्याच्या रंगाबरोबर मिरवणुकीचा जल्लोषही डोळ्यांपुढे येतो. येथे उपमा अलंकार आहे.' असं एक वाक्य पाठ केलेल्या पाच वाक्यांना भारी पडतं. पण प्रामाणिकपणे सांगते, तपासणारा घाईत असेल तर तयार वाक्यांनाही मार्क मिळतात. म्हणून क्लासची वाक्यं फाडून टाका असं मी सांगणार नाही. शेवटी एखादं टाकायला हरकत नाही.

कथालेखनासाठी एकच सांगते. मुद्दे दिलेले असोत की अपुरी कथा, मुलं घटना वाढवत जातात: अपघात, दवाखाना, बक्षीस, तात्पर्य. मी उलट करते. तलावपाळीला एक आजोबा रोज त्याच बाकावर बसतात. आज तिथे दुसरं कोणी बसलंय. एवढंच. ते काय करतील? एका मुलीचे आजोबा बाकामागे तासभर उभे राहिले. एकाचे शेजारी बसून मोठ्याने पेपर वाचायला लागले. एकाचे घरी गेले आणि सुनेवर चिडले, बाकाचं नावही न घेता. तीन वेगळी माणसं उभी राहिली आणि अपघात एकही झाला नाही. कथाबीज लहान असलं की पात्राला वाढायला जागा मिळते.

आता तुमचे पाच आठवडे. पहिले दोन आठवडे व्याख्यांची वही कपाटात. रोज वीस मिनिटं, त्याहून जास्त नको, तुम्ही आणि ती मिळून एक छोटी गोष्ट किंवा कविता मोठ्याने वाचायची. तुम्ही केमिस्ट्रीच्या आहात हा अडथळा मानू नका. तुम्हाला उत्तर माहीत नसेल तर मुलगी जास्त मोकळी बोलेल. 'यात कोणता अलंकार?' असं विचारायचं नाही. विचारायचं, 'कुठे थांबावंसं वाटलं?' काहीच नाही म्हणाली तर तुम्ही कुठे थांबलात ते सांगा, चुकीचं का असेना, ती वाद घालेल. पुस्तकांसाठी ठाण्याला येणं जमत असेल तर मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, १८९३ पासूनचं. ट्रान्स-हार्बरने घणसोलीहून थेट गाडी. तिला स्वतः कपाटांसमोर उभं राहून कथासंग्रह निवडू दे, तुम्ही चांगला कोणता ते सांगू नका. तिसऱ्या आठवड्यात वही कपाटातून काढा आणि तिला जे जाणवलं त्याला नावं शोधा. चौथ्यात जुने पेपर, वेळ लावून. पाचव्यात बाकीचे विषयही असतील, तेव्हा मराठीला फार हात लावू नका.

आणि वही मी सांगते तशी आखा. डावीकडे सापडलेलं वाक्य, जसंच्या तसं. मधल्या रुंद रकान्यात, ते काढलं किंवा बदललं तर काय होतं. उजवीकडे अगदी अरुंद रकाना, नावासाठी. नाव सापडलं नाही तर रिकामा ठेवायचा, उगाच भरायचा नाही. म्हणजे शेवटी तक्ता मागितलात तो दिलाच मी तुम्हाला. माझ्याही वहीत असा तक्ता आहे, आणि त्यात त्या सातवीतल्या मुलाच्या पाण्याच्या आवाजापुढचा उजवा रकाना अजून रिकामा आहे.